सप्ताहात पहिला अभंग कोणता? मावळातल्या टाळकऱ्यांना तो आधीच कसा कळतो?

सप्ताहाच्या फ्लेक्सवर सगळे छापलेले असते. सात दिवसांच्या कीर्तनकारांची नावे, गायनाचार्य, मृदंगाचार्य, वीणेकरी, चोपदार, अन्नदाते, काकड्याची वेळ, हरिपाठाची वेळ आणि काल्याच्या दिवशीच्या महाप्रसादाची वेळ. एक गोष्ट मात्र नसते. आज रात्री महाराज कोणता अभंग घेणार, हे कुठेच लिहिलेले नसते. तरीही संध्याकाळी देवळाच्या पारावर बसलेली चार जुनी माणसे तो अभंग आधीच सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात.

हे त्यांना कळते कसे? यात अंदाज किती आणि नियम किती? आणि हा अंदाज बांधणारी माणसे कमी झाली तर नेमके काय बिघडते? समजून घेऊ या.

थोडक्यात

- वारकरी भजनाची सुरुवात ठरलेली असते. आधी 'राम कृष्ण हरी' हा नामगजर, मग रूपाचा अभंग.
- अंदाज बांधायचा तो त्यानंतरच्या, म्हणजे कीर्तनकार निरूपणासाठी निवडतो त्या अभंगाचा.
- तिथी, सप्ताहाचा दिवस, गाव, निमित्त आणि कीर्तनकार या पाच गोष्टींवरून शक्यता कमी होत जातात.
- सुरुवात ठरलेली असल्यामुळे अनोळखी माणूसही तालमीशिवाय समूहात गाऊ शकतो.

हा विषय आत्ताच का?

मावळात भातकापणी उरकली की सप्ताहांचे दिवस येतात. त्याच सुमारास कार्तिक वद्य एकादशीसाठी कोकणातल्या आणि मुंबईकडच्या दिंड्या आळंदीला निघतात. खोपोली सोडून बोरघाट चढायचा, मग खंडाळा, लोणावळा, कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी जुन्या महामार्गाच्या कडेने वाट धरायची. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावणारी इंद्रायणीही याच दिशेने देहू आणि आळंदीला जाते.

लोणावळ्याच्या बाजारपेठेत सकाळी चिक्कीच्या दुकानांची शटर उघडत असताना अशी एखादी दिंडी समोरून जाते. पर्यटक मोबाइल काढून व्हिडिओ घेतात. रस्त्याच्या कडेला उभा असलेला एखादा स्थानिक माणूस मात्र चार पावले दिंडीबरोबर चालतो आणि पुढची ओळ म्हणू लागतो. त्याला या दिंडीतले कोणीही ओळखत नाही आणि त्यांची तालीम त्याने कधी पाहिलेली नाही. पुढे काय येणार हे त्याला माहीत असते, एवढेच.

डिसेंबरमध्ये पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो. तिथल्या मंडपातही 'आता काय गातील?' हा खेळ चालतो. हजारो मैल दूर लंडनमध्येही एका संगीत महोत्सवाचे उद्घाटन कोणत्या समूहगानाने होणार, यावर रसिक आधीच पैजा लावल्यासारखे बोलत असतात. तिन्ही ठिकाणी प्रश्न सारखाच दिसतो, पण उत्तर शोधायची रीत वेगळी आहे.

सगळ्यात आधी काय गातात?

याचे उत्तर मावळातले शाळकरी पोरही देईल. वारकरी भजन असो की कीर्तन, सुरुवात 'जय जय राम कृष्ण हरी' या नामगजराने होते. वीणेकरी मध्ये, टाळकरी दोन्ही बाजूंना, पखवाजवाला जवळ. गजर संथ लयीत सुरू होतो. त्यानंतर रूपाचा अभंग येतो. विठ्ठलाच्या रूपाचे वर्णन करणारा, म्हणून रूपाचा.

इथे साधारण दोनच नावे समोर असतात. ज्ञानेश्वरांचा 'रूप पाहता लोचनी' किंवा तुकारामांचा 'सुंदर ते ध्यान'. अनेक ठिकाणी दोन्ही पाठोपाठ घेतात. कोकणातल्या संगीत भजनात याच टप्प्याला 'रूपावली' म्हणतात. घाट चढून आलेल्या दिंडीचा आणि मावळातल्या भजनी मंडळाचा ढंग वेगळा असतो, चाली वेगळ्या असतात, तरी आधी गजर आणि मग रूप हा क्रम दोघांचाही जुळतो.

हा क्रम तोंडी चालत आला आणि पुढे 'भजनी मालिका' या छोट्या पुस्तकांत छापला गेला. मावळातल्या बऱ्याच घरांत देवघराशेजारी असे एखादे पुस्तक असते. त्यात मंगलाचरण, काकड्याचे अभंग, वासुदेव, आंधळे-पांगुळ, गौळणी, हरिपाठ असा दिवसाचा क्रम असतो. वारांचे अभंग वेगळे असतात. सोमवारी महादेवाचे, याप्रमाणे प्रत्येक वाराची मालिका लावलेली असते. एकादशीचे अभंग वेगळे आणि द्वादशीचे क्षीरापतीचे अभंग वेगळे. ज्ञानेश्वरांचा हरिपाठ २७ अभंगांचा, काही प्रतींत २८. तो तर संध्याकाळी ओळीने म्हटला जातो, त्यात निवडीचा प्रश्नच येत नाही.

म्हणजे ज्याला आपण 'अंदाज' म्हणतो, त्याचा मोठा भाग हे वेळापत्रक आहे. ते भिंतीवर लावलेले नसते, लोकांच्या डोक्यात असते.

सुरुवात ठरलेली का ठेवली?

यामागे व्यवहार आहे. पाश्चात्त्य पद्धतीच्या कॉयरमध्ये गायकांच्या हातात स्वरलिपी असते, समोर संचालक असतो आणि कार्यक्रमाआधी तालमी झालेल्या असतात. सप्ताहात यातले काहीही नसते. आज रात्री टाळ घेऊन कोण कोण उभे राहणार, हे अर्धा तास आधीपर्यंत कोणालाही सांगता येत नाही. शेजारच्या गावचे चौघे येतात. मुंबईहून सुट्टीवर आलेला कोणीतरी येतो. एखादा पाहुणा येतो. या सगळ्यांना पहिल्या मिनिटापासून एका सुरात आणि एका तालात आणायचे असते.

त्यासाठी सगळ्यांना येणारीच गोष्ट आधी घ्यावी लागते. नामगजर संथ असतो, शब्द चारच असतात. तेवढ्या वेळात पट्टी कानात बसते, पखवाजाची लय कळते, कोणाचा टाळ पुढे पळतोय आणि कोणाचा मागे राहतोय हे लक्षात येते. पखवाजाच्या डाव्या बाजूला लावलेली कणीक कमी-जास्त झाली असेल तर वाजवणाऱ्याला तेही इथेच उमगते. मग रूपाच्या अभंगात पहिल्यांदा पुढचा गायक आणि मागचा समूह अशी वाटणी होते. पुढचा गायक चरण म्हणतो, मागचे ध्रुपद धरतात. ध्रुपद म्हणजे अभंगातली पुन्हा पुन्हा येणारी ओळ. लय हळूहळू वाढते आणि शेवटी पावलीवर येते.

मोबाइलच्या भाषेत सांगायचे तर दोन फोन ब्लूटूथने जोडताना आधी एकमेकांना ओळख पटवतात, फाइल नंतर जाते. गजर आणि रूपाचा अभंग हे काम करतात. ओळख पटवण्याची रीत दर वेळी बदलत राहिली तर नवा फोन जोडलाच जाणार नाही.

'राम कृष्ण हरी' कुठून आले?

इथे मावळचा थेट संबंध येतो. इंदुरीजवळचा भंडारा डोंगर मावळ तालुक्यात आहे. तुकाराम महाराजांच्या चिंतनाचे स्थान म्हणून तो ओळखला जातो. माघ शुद्ध दशमीला तिथे मोठा सोहळा असतो. ही तिथी तुकारामांना गुरूचा अनुग्रह झाला तो दिवस मानली जाते.

या घटनेची माहिती तुकारामांच्याच अभंगातून मिळते. स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी भेट दिली, आपली परंपरा सांगितली आणि मंत्र दिला, असे त्यात सांगितले आहे. तिथी माघ शुद्ध दशमी आणि वार गुरुवार, हेही त्यातच नोंदवलेले आहे. आणि जो मंत्र दिला, तो 'राम कृष्ण हरी'.

म्हणजे आज कामशेतच्या देवळात किंवा लोणावळ्याच्या रस्त्यावर भजनाच्या सुरुवातीला जे म्हटले जाते, तो तुकारामांना मिळालेला मंत्र आहे. कानात सांगायचा मंत्र इथे टाळ-मृदंगाच्या गजरात सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायचा झाला.

समूहगानाशी मावळचा आणखी एक धागा आहे. परंपरेने तुकारामांचे १४ टाळकरी सांगितले जातात. त्यांतल्या संताजी जगनाडे यांची समाधी मावळातल्या सुदुंबरे गावात आहे. तुकारामांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून संताजींचे नाव आदराने घेतले जाते. जो मागे उभा राहून गात होता, त्यानेच शब्द जपले.

मग अंदाज बांधायचा कशाचा?

कीर्तनकार निरूपणासाठी घेतो त्या अभंगाचा. इथे निवड खरीच मोकळी असते, निदान कागदावर तरी. एकट्या तुकारामांच्या प्रचलित गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. त्यात ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, चोखामेळा, जनाबाई, निळोबा यांचे अभंग धरले तर आकडा कितीतरी वाढतो. एवढ्यांतून एक ओळखायचा म्हणजे अशक्य वाटते. पण पारावरची माणसे पाच चाळण्या लावतात.

१. तिथी. ही सगळ्यात बारीक चाळणी. फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे तुकाराम बीजेला, तुकारामांच्या वैकुंठगमनाचे अभंग. कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांच्या संजीवन समाधीचा दिवस असतो. त्या प्रसंगाचे वर्णन नामदेवांनी 'समाधी'च्या अभंगांत केले आहे, त्यामुळे त्या दिवशी नजर नामदेवांकडे जाते. माघ शुद्ध दशमीला गुरुकृपेचा अभंग. रामनवमी, हनुमान जयंती आणि गोकुळाष्टमीचे वेगळे सांगायला नको.

२. सप्ताहाचा कितवा दिवस. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन असते. त्याला कृष्णलीलेचाच अभंग घ्यायचा, हा दंडक आहे. गोपाळ, शिदोरी, दही-लाह्यांचा काला. या दिवशी चाळणी इतकी बारीक होते की हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच अभंग उरतात. पहिल्या दिवशी नाममहिमा किंवा संतांचे उपकार अशा विषयांकडे कल असतो. मधल्या दिवसांत कीर्तनकाराला सर्वांत जास्त मोकळीक असते.

३. जागा. देऊळ विठ्ठलाचे, मारुतीचे, महादेवाचे की देवीचे? गाव देहूच्या वाटेवरचे की पवन मावळातले आतले? देऊळ ज्या देवाचे, त्याच्याकडे पहिला अंदाज जातो.

४. निमित्त. कीर्तन सप्ताहातले आहे, वाढदिवसाचे, लग्नाआधीचे की वर्षश्राद्धाचे? पुण्यस्मरणाच्या कीर्तनात देहाची नश्वरता, आई-वडिलांचे ऋण किंवा संतसंग या विषयांवरचे अभंग येतात.

५. कीर्तनकार. प्रत्येकाचे हातखंडा असलेले अभंग असतात. यूट्यूबमुळे ही चाळणी आता सोपी झाली आहे. महाराजांची मागच्या दोन महिन्यांतली कीर्तने ऐकली की त्यांच्या मनात सध्या काय घोळते आहे, ते कळते. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था १९१७ मध्ये विष्णुबुवा जोग यांनी सुरू केली. तिथे शिकलेल्या कीर्तनकारांच्या मांडणीची ठेवण जाणकार टाळकऱ्यांना पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येते.

या पाच चाळण्यांमधून गेल्यावर हजारोंतले मोजकेच अभंग उरतात. पारावरचा माणूस त्यातला एक सांगतो. ऐकणाऱ्याला तो चमत्कार वाटतो.

अंदाज चुकतो कधी?

हा मजकूर लिहिणाऱ्याचाही चुकला आहे. मावळातल्या एका सप्ताहात शनिवारचे कीर्तन होते, देऊळ मारुतीचे. तिथी साधी होती. वार आणि जागा दोन्ही एकाच बाजूला झुकत होते, म्हणून मारुतीचा अभंग येणार असे मी छातीठोकपणे सांगितले. शेजारी बसलेल्या आजोबांनी मान हलवली आणि 'आज आईचा येईल' एवढेच म्हणाले.

गजर झाला, रूप झाले आणि महाराजांनी संतांना माउली म्हणणारा तुकारामांचा अभंग घेतला. आजोबांना कसे कळले? त्यांनी फ्लेक्स माझ्यापेक्षा नीट वाचला होता. त्या दिवसाच्या कीर्तनसेवेखाली बारीक अक्षरांत 'आईच्या स्मरणार्थ' असे छापलेले होते. सेवा देणारे कुटुंब पुढच्याच रांगेत बसले होते. मी वार आणि देऊळ पाहिले. त्यांनी ते घर पाहिले.

त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. हा खेळ जिंकायला गाथा पाठ असावी लागतेच, त्याबरोबर गावात कोणाच्या घरी काय घडले आहे हेही माहीत असावे लागते. ही दुसरी माहिती कुठल्याही ॲपमध्ये मिळत नाही.

लंडनमध्ये आणि पुण्यात काय होते?

लंडनचा 'प्रॉम्स' हा उन्हाळी संगीत महोत्सव १८९५ मध्ये सुरू झाला. आता तो बीबीसीतर्फे रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये होतो. उद्घाटनाच्या मैफलीत बहुतेकदा शेकडो गायकांचे एखादे भव्य समूहगान असते. २०१० मध्ये माहलरची आठवी सिंफनी, २०१३ मध्ये व्हॉन विल्यम्सची 'अ सी सिंफनी', २०१४ मध्ये एल्गारचे 'द किंग्डम', २०१५ मध्ये वॉल्टनचे 'बेलशाझर्स फीस्ट' आणि २०२२ मध्ये व्हेर्दीचे 'रेक्विएम' झाले. २०१७ मध्ये जॉन ॲडम्स यांचे 'हार्मोनियम' होते. नाव ऐकून आपल्या पेटीची आठवण होईल, पण तिचा इथे संबंध नाही. ते मोठ्या वाद्यवृंदाचे आणि समूहाचे काम आहे. त्या वर्षी ॲडम्स सत्तर वर्षांचे झाले होते.

त्यामुळे तिथले रसिक जयंती, पन्नाशी, शताब्दी यांच्या वर्षांवरून अंदाज बांधतात. वसंतात कार्यक्रमपत्रिका जाहीर झाली की खेळ संपतो. निवड आयोजकांच्या हातात असते आणि गायक त्यानंतर आठवडेच्या आठवडे तालीम करतात. श्रोत्याला ते काम आधी येत असण्याची गरज नसते, कारण त्याने ऐकायचे असते.

पुण्याच्या 'सवाई'त वेगळीच गंमत आहे. गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मृतीसाठी पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला. २०११ मध्ये त्यांच्या निधनानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव आले. सुरुवात सनईच्या मंगल सुरांनी करण्याची परंपरा आहे, म्हणजे इथेही दार कसे उघडणार हे आधीच माहीत असते. कलाकारांची नावे जाहीर होतात, राग मात्र जाहीर होत नाहीत. मग जाणकार घड्याळ पाहतात. दुपारी भीमपलासी, मुलतानी, पटदीप यांच्यापैकी काहीतरी, संध्याकाळी पूरिया धनाश्री, मारवा किंवा यमन. पहिल्या आलापाला शेजारच्याच्या कानात रागाचे नाव सांगण्यात जो आनंद असतो, तो मंडपात बसलेल्यालाच ठाऊक.

या अंदाजावर कायद्याचाही परिणाम झाला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकाला बंदी आहे. वर्षातल्या ठरावीक दिवसांना राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. रात्रभर चालणाऱ्या मैफली त्यामुळे थांबल्या आणि उत्तररात्रीचे राग मंचावर यायची संधी कमी झाली. सप्ताहातल्या रात्रीच्या जागरात चक्री भजनाला मात्र माइक लागत नाही. माइक बंद केला तरी टाळ, पखवाज आणि गळे सुरू असतात. पहाटेच्या काकड्यालाही तेच लागू होते.

मग काळजी कसली?

काळजी माणसांची आहे. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. सात दिवसांचे तास होतात १६८. दोन तासांचा एक पहारा धरला तर ८४ पाळ्या भरायच्या. त्यातल्या रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतल्या पाळ्या २८. एखाद्या छोट्या वाडीत त्या २८ पाळ्यांना माणसे उभी करणे हेच सप्ताह समितीचे सगळ्यात अवघड काम असते.

अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही भागांतली तरुण पोरे आज तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांत पाळीने काम करतात. ज्याची रात्रपाळी त्याला कीर्तनाला उभे राहता येत नाही, आणि ज्याची सकाळची त्याला काकड्याला. पोरे येत नाहीत असे नाही. सुट्टी मिळाली की येतात, वर्गणी देतात, मांडव घालतात, पंगतीत वाढतात. पण गजर आणि रूपाच्या पुढचा क्रम पाठ व्हायला वर्षानुवर्षे मागे उभे राहावे लागते. तो वेळ पाळीच्या नोकरीत मिळत नाही.

मग मोबाइल येतो. भजनी मालिकेची पीडीएफ फोनमध्ये असते, गाथेची ॲप आहेत, अभंग सुचला की शोधता येतो. याचा उपयोग नक्कीच आहे. पण भजनात दोन्ही हात टाळात गुंतलेले असतात. पुढच्या गायकाने चरण सोडला की ध्रुपद त्याच क्षणी उचलावे लागते. स्क्रीन उघडून ओळ सापडेपर्यंत समूह पुढे गेलेला असतो. त्यामुळे अनेक ठिकाणी आता असे दिसते की पुढे माइकवर दोन-तीन तयारीचे गायक गातात आणि मागची रांग फक्त टाळ वाजवते. आवाज मोठा येतो, पण गाणारे गळे कमी असतात.

दुसरा बदल चालींचा. रूपाच्या अभंगाला एखाद्या लोकप्रिय गाण्याची चाल लावली की तरुणांना मजा येते, व्हिडिओही चालतो. पण शब्द माहीत असलेली म्हातारी माणसे त्या चालीत अडतात आणि गप्प होतात. बाकीच्या अभंगांना नवी चाल लावायला कोणाची हरकत नसते. पहिल्या दोन पायऱ्यांवर ती लावली तर ज्यांच्या पाठांतरावर समूह उभा आहे, तेच बाहेर राहतात.

दिलासा देणारी गोष्टही आहे. मावळातल्या आणि लोणावळ्यातल्या महिला भजनी मंडळांची तालीम बहुतेकदा आठवड्याला ठरलेली असते. हरिपाठ, गौळणी आणि एकादशीचे अभंग तिथे न पाहता म्हटले जातात. बऱ्याच गावांत संध्याकाळचा हरिपाठ याच मंडळांच्या भरवशावर उभा असतो. वीणेच्या पाळ्यांच्या यादीत आणि टाळकऱ्यांच्या रांगेत त्यांची नावे जिथे मोकळेपणाने घेतली जातील, तिथे माणसांचा प्रश्न बराच सुटेल.

पहिल्यांदा जात असाल तर काय करावे?

- गजर सुरू होण्याआधी पोहोचा. पट्टी आणि लय तिथेच कळते.
- रूपाचे दोन अभंग पाठ करून जा. एवढ्या तयारीवर कोणत्याही गावात तुम्ही गाणाऱ्यांमध्ये धरले जाता.
- फ्लेक्स शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. त्या दिवसाची सेवा कोणाची आणि कोणाच्या स्मरणार्थ आहे, ते पाहा.
- दिनदर्शिकेत तिथी बघा. एकादशी, द्वादशी, एखाद्या संताची पुण्यतिथी असेल तर अर्धे उत्तर तिथेच मिळते.
- मागच्या रांगेत, जुन्या टाळकऱ्याच्या शेजारी उभे राहा. शब्द अडला तर ध्रुपद तेवढे धरा.

शेवटच्या सल्ल्याला मोठा आधार आहे. आपल्या आयुष्याबद्दल सांगणाऱ्या अभंगात तुकाराम महाराजांनी स्वतःच नोंदवले आहे की सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हते, म्हणून संतांची काही वचने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले. ज्यांचे अभंग आज निरूपणाला घेतले जातात, त्यांची सुरुवातही मागच्या रांगेतच झाली होती.

येत्या कार्तिकात घाट चढून दिंड्या येतील, गावोगावी मांडव पडतील. पारावर तोच प्रश्न विचारला जाईल, 'आज महाराज काय घेतील?' उत्तर चुकले तरी हरकत नाही. मात्र त्याआधीच्या दोन गोष्टी तरी पाठ असू द्या.